याहून उजेडाचा बल्ब

बल्बांच्या दुकानातले बल्ब संपतात, किस्से संपत नाहीत. नागपुरात कळमन्याच्या मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ट्रकच्या इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. काउंटरवर मी, आणि बाहेर कुठल्या ना कुठल्या ट्रकच्या बंपरापाशी उकिडवा बसलेला माझा नवरा विलास. लग्न होऊन आले तेव्हा हेडलाइट कोणता आणि फॉगलाइट कोणता, हेसुद्धा मला कळत नव्हतं. आता ट्रक दारात वळला, की गिऱ्हाईक काय मागणार ते मी बसल्या जागी सांगते. गिऱ्हाईक काय बोलणार, ते मात्र अजून सांगता येत नाही.

*

कारचा बल्ब बारा व्होल्टचा असतो आणि ट्रकचा चोवीसचा. दिसायला दोघं जुळे भाऊ, खाचेतही बरोबर बसतात. कन्हानच्या एका ड्रायव्हरनं मेव्हण्याच्या कारचा बल्ब काढला आणि आपल्या ट्रकला बसवला. दुसऱ्या दिवशी तो काळा पडलेला बल्ब घेऊन दुकानात हजर.

"वहिनी, असा उजेड मी आजवर पाह्यला नाही. मले हाच बल्ब पाहिजे."

"किती वेळ होता उजेड?"

"आला अन् गेला."

"मग तसाच देऊ?"

त्यानं जरा विचार केला. "उजेड तोच द्या. फक्त जाऊ नये, एवढं पाहा."

*

हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू नये. बोटाचं तेल काचेवर राहतं, बल्ब तापला की तेवढ्याच जागी काच जास्त तापते आणि फुटते. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण "हाव, हाव" म्हणतो.

कुहीकडून धान घेऊन येणाऱ्या एका ड्रायव्हरनं मात्र मनावर घेतलं. स्वच्छ रुमालात धरून बल्ब नेले. आठवड्याभरात परत आला. दोन्ही फुटले होते.

"बोट लावलं का?"

"आईची शपथ, नाही लावलं."

जिची शपथ घेतली ती आई केबिनमध्येच बसली होती. तिथूनच म्हणाली, "बोट नाही लावलं वं बाई. हळदकुंकू लावलं फक्त."

गाडीला नवी वस्तू बसवायची आणि तिला हळदकुंकू नाही, हे त्या माउलीला पटेना. मी म्हटलं, "आजी, खोक्याला लावा ना."

"खोकं का गाडीले उजेड देते?"

हे बरोबर होतं. शेवटी तिनं खाली उतरून विलासच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, बल्ब तोच बसवणार म्हणून. त्या दिवशी तो तसाच, मळवट भरल्यासारखा, संध्याकाळपर्यंत काम करत होता. पुसून टाक, असं मी सांगितलंच नाही त्याला.

*

पण आमच्या दुकानातले निम्मे किस्से एकट्या देवरावकाकांचे. काकांचा स्वतःचा ट्रक आहे. कळमन्यातून संत्री, धान्य, मिळेल तो माल नेतात. आमचं दुकान नव्हतं तेव्हापासून ते गाडी चालवत आहेत. ड्रायव्हर कधी ठेवला नाही, हाताखाली क्लीनरही नाही. मुली लग्न होऊन गेल्या, घरी काका आणि काकू दोघंच. कुणी म्हटलं की काका, आता बस करा, तर म्हणायचे, "ज्या दिवशी स्टेअरिंग सुटलं, त्या दिवशी मी बी सुटलो समज." एरवी शांत माणूस. भीती काय ती एवढीच, की कुणीतरी आपल्याला सीटवरून खाली उतर म्हणेल.

मागच्या थंडीत ते आले आणि म्हणाले, "बाई, बल्ब थकले. बदलून दे."

बदलून दिले. चार दिवसांनी परत. "हे बी थकलेलेच निघाले."

विलासनं बॅटरी पाहिली, अर्थिंग पाहिलं, हेडलाइटची काच घासूनपुसून लख्ख केली. मग जास्त वॅटचे बल्ब दिले. त्यांच्या उष्णतेनं होल्डर वितळला. मग नवा होल्डर आणला, वायर तापू नये म्हणून रिले बसवला. ट्रक दुकानाबाहेर उभा करून काकांनी लाइट लावले, तर समोरच्या गोदामाचा वॉचमन डोळे चोळत बाहेर आला.

काका म्हणाले, "बरा आहे. याहून उजेडाचा नाही का?"

*

एप्रिल महिना. नागपुरात लोक कूलरला नवी खस लावत होते. भर उन्हात देवरावकाका आले आणि फॉगलाइट मागितले. धुक्यातले पिवळे.

मी म्हटलं, "काका, फॉगलाइट आता कशाला? थंडीत लावून देऊ ना."

"धुकं लय पडून राहिलं, वं बाई."

"आता? एप्रिलात?"

"संध्याकाळ झाली का धुकंच धुकं. कन्हानच्या पुलावर तर समोरचं काही दिसत नाही."

मी दाराबाहेर पाहिलं. डांबर वितळत होतं. विलासनं माझ्याकडे पाहिलं, मी विलासकडे. काका खिशातून रुमाल काढून कपाळाचा घाम पुसत होते. गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं, असा दुकानाचा नियम आहे. आम्ही पिवळे फॉगलाइट लावून दिले.

*

त्या फॉगलाइटचा फोकस जुळवायला विलास संध्याकाळी काकांच्या ट्रकमध्ये बसून कामठी रोडनं थोडा पुढं जाऊन आला. केबिनमध्ये खिडकीशी काकूही बसल्या होत्या. काकू कधीपासून ट्रकवर यायला लागल्या, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

विलासनं विचारलं, "काकू, तुम्ही काहून?"

"घरी करमत नाही."

आणि मग काकूंचं सुरू झालं. "डावीकडून सायकलवाला. जाऊ द्या त्याले. पुढं गाय बसली हाय. थांबा. उठली. निघा आता. समोरून टँकर येऊन राह्यला, बाजू द्या." काका तसं तसं करत होते. काकूंच्या आवाजात घाई नव्हती, भाजी निवडता निवडता बोलावं तसं बोलत होत्या.

विलासनं मला हे घरी नक्कल करून सांगितलं. मी खूप हसले. मग हसता हसता थांबून विचारलं, "म्हणजे काकांना दिसतच नाही?"

*

पुढच्या वेळी काकांना छतावर लावायची एलईडीची पट्टी हवी होती. मी म्हटलं, "काका, याहून उजेडाचं आता काही नाही."

"मंग त्या कपाटात काय हाय?"

"पट्टीच आहे. पण तुम्हाला नाही देणार. आधी डोळे दाखवून या."

विलास बाहेरून म्हणाला, "अवं, दे ना. तू दुकानदार आहे का डॉक्टर?" मी लक्ष दिलं नाही.

काकांनी काउंटरवरचं एक खोकं उचललं, परत ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दाखवीन वं डोळे. अन् डागदर म्हणला का गाडी सोड, मंग? मंग काय करू, सांग तू."

मी एवढंच म्हटलं, "तुमच्या समोरून जो येतो ना काका, त्याचीही घरी कुणीतरी वाट पाहत असतं."

ते निघून गेले. रात्री जेवताना विलास म्हणाला, "बाजूच्या दुकानातून घेईल तो. आपलं जुनं गिऱ्हाईक गेलं." मला गिऱ्हाइकाचं काही वाटलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाला आपण भर दुकानात उघडं पाडलं, याचं फार वाईट वाटलं. पण पट्टी काही मी दिली नसतीच.

काकांचा ट्रक मग रस्त्यावर दिसेनासा झाला.

*

दसरा झाल्यावर एका संध्याकाळी तोच ट्रक दारात येऊन थांबला. देवरावकाका उतरले ते तावातच. रामराम नाही, काही नाही.

"विलास, इकडे ये गा. उभा राह्य समोर."

विलास ट्रकसमोर जाऊन उभा राहिला. काकांनी वर चढून सगळे लाइट एकदम लावले. विलासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"दिसते का काही?"

"काहीच नाही, काका."

"मंग? असे बल्ब देते का कोणी? समोरचा आंधळा होऊन जाईल ना बिचारा." ते खाली उतरून माझ्याकडे वळले. "इतके दिवस समोरचे मले डिपर मारत, लाइट खालीवर करत. मले वाटे, ओळखीचे आहेत. मी सगळ्यांइले हात दाखवो. अन् ते शिव्या देऊन राह्यले होते वं बाई. जो कायद्यात बसते तो साधा बल्ब काढ."

मी साधे बल्ब काउंटरवर ठेवले. विलास ते बसवत होता तेव्हा काकू आत येऊन स्टुलावर टेकल्या. काकांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, डॉक्टरनं गाडी चालवायला हो म्हटलं, असं सांगितलं.

"काका तयार कसे झाले?"

"तुह्यापासून आले अन् जेवलेच नाही. मी म्हटलं, उद्यापासून मी काही गाडीत बसत नाही, तुमी एकटे जा. सकाळी गेले, केबिनमध्ये चढले. स्टेअरिंग धरून बसले बराच वेळ. गाडी काही चालू केली नाही. मंग उतरून आले अन् मले म्हणे, दवाखाना किती वाजता उघडते?"

बल्ब बसले. काकांनी लाइट लावून पाहिले, विलासला परत समोर उभं करून खात्री केली आणि सीटवर जाऊन बसले. काकू दुसऱ्या बाजूनं दांडी धरून वर चढायला लागल्या.

काका म्हणाले, "तू आता काहून चढून राह्यली? मले दिसते ना सारं."

काकूंनी खिडकीशी बसून पदर सारखा केला आणि काच पूर्ण खाली घेतली.

"तुमाले दिसते ना? मंग झालं. इतके दिवस तुमच्यासाठी पाह्यलं. आता मले माह्यासाठी पाहू द्या."