डेअरीच्या काट्यावर ठेवलेली बॅग

"आपण दोघी एकदा समुद्र बघून येऊ," असं माझ्या थोरल्या जाऊ, अक्का, फार वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. दुष्काळ होता आणि आम्ही रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघत होतो.

मंडळी, आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच परदेशात निघालोय, व्हिएतनामला. टूर कंपनी नाही. तिकिटं, खोली, सगळं मोबाईलवर स्वतःच शोधलं. स्वस्तातल्या तिकिटावर सात किलोचीच बॅग चालते, म्हणून आज सकाळी ती गावातल्या सहकारी दूध डेअरीच्या काट्यावर ठेवली.

दूध घालायला आलेल्या अक्का हसल्या. "सात किलोत काय मावतंय गं? माझं एक लुगडंच किलोभर हाय!"

मग हळूच म्हणाल्या, "तितं समुद्र हाय का?"

"आहे. खोलीतूनच दिसतो."

"लई भारी. मोबाईलवर दाव मला. तुज्या गाईंचं मी बघते."

इतके दिवस मी दोघांपुरतंच शोधत राहिले. अक्कांचं ते वाक्य एकदाही आठवलं नाही. आता उशीर झालाय, त्यांचा पासपोर्टही नाही.

"दूध कोण घालंल?" असंच त्या म्हणतील. तरी संध्याकाळी विचारणार आहे: अक्का, उद्या माझ्यासोबत बीडला चला, तुमचा पासपोर्ट काढायला टाकू.