बांड्याच्या खांद्याचं लोणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, सांगताना मधे थांबवलेलं मला चालत नाही! गेल्या पोळ्याला माझी जी फजिती झाली, ती गावानं आपापल्या परीनं मीठमसाला लावून सांगून झाली आहे. आता चहा घ्या आणि माझ्या तोंडून ऐका. चूक माझी होती, मान्य. पण अर्धीच!

तर माझे केस जन्माचे कुरळे. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मी ब्लाउज शिवते, आणि मशीनवर वाकलं की सगळं टोपलं डोळ्यांवर. पुतण्याच्या लग्नाआधी मी तडक यवतमाळ गाठलं आणि पार्लरमध्ये चार तास बसून केस सरळ करून आले. काय ते क्रीम! नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. पण केस? पट्टीनं आखल्यासारखे! लग्नात मी कारण नसताना मान झटकत होते. का नाही झटकणार? बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा झटकायला मिळत होती.

पाच महिन्यांत त्याच केसांची कापसाची वाळकी पऱ्हाटी झाली. कंगवा घातला की अडकायचा, टोकं तुटून गिऱ्हाइकांच्या कापडावर पडायची. पार्लरवालीला फोन केला.

"ताई, केसातलं मॉइश्चर गेलं," ती म्हणाली. "जवस उकळून त्याचा चिकट गर काढा, त्यात दही घाला आणि हप्त्यातून दोनदा लावा. धीर धरा."

मी धीर धरला. सासूबाई कुठून धरणार?

"कापून टाक वं ते," त्या म्हणाल्या. "मानेलोक काप. नवे येतीन, देवानं देल्ले तसे कुरळे येतीन."

"माहे केस हायेत, आई. मी पाहीन."

"पाह्य मंग! मी आजपासून तुह्यासंग बोलतच नाही."

"मी बी नाही! जे आधी बोलंन ते हरलं!"

"तू हरली तं कैची माह्या हातात."

"अन् तुमी हरल्या तं माह्या केसाबद्दल जन्मात एक शब्द नाही काढाचा!"

"कबूल!"

पोळा तेव्हा नऊ दिवसांवर होता. नऊ दिवस घरात आम्ही दोघी, आणि आवाज फक्त भांड्यांचा. निरोप सगळे नवऱ्यामार्फत. आम्ही दोघी एकाच चुलीपाशी, आणि तो मधे उभा. "तिले सांग, भाजीत मीठ नाही." "आईले सांगा, वरून घ्या." तो शेवटी शेवटी नुसती मान हलवायचा. पण मी हटले नाही. नवऱ्याच्या घरात वीस वर्षं काढल्यावर निदान डोकं तरी आपलं असावं की नाही?

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गंजभर पाण्यात जवस उकळला, दही घातलं आणि तो गंज ओट्यावर झाकून बेबीताईच्या ब्लाउजला हूक लावायला बसले. बेबीताई म्हणजे शेजारीण. हूक लावून परत आले, तर माझ्या गंजाशेजारी दुसरा गंज! झाकण काढलं. आत ताजं लोणी, आणि त्यात भरपूर हळद.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

म्हातारी विरघळली! मला खरंच भरून आलं. पैजेमुळे बोलता येत नाही, म्हणून बिचारीनं न बोलता सुनेच्या केसांसाठी घरचं औषध करून ठेवलं. विचारायची सोय नव्हती, विचारलं की मी हरले. जवस ठेवला बाजूला. म्हटलं, आधी सासूच्या मायेचा मान! आणि अख्खा गंज डोक्यावर थापला. वर टॉवेल गुंडाळून तास दीड तास बसले, मनातल्या मनात सासूबाईंना माफ करत.

संध्याकाळी न्हाणीत डोकं धुवायला बसले. चौथ्यांदा शांपू लावला तरी लोणी निघेना. तेवढ्यात गोठ्याकडून नवऱ्याचा आवाज आला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!"

हातातला मग हातातच राहिला.

खांदशेकणी! वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलवटतात, त्यांना पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोणी-हळद लावून शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. शेतकऱ्याच्या सुनेनं हे विसरावं? सतरा ब्लाउज डोक्यावर असले की विसरते, काय करता!

मग बैलांना काय लावलं? तेही नंतर नवऱ्याकडून कळलं. लोण्याचा गंज गायब बघून सासूबाईंना वाटलं, सुनेनं यंदा बैलांसाठी जवसाचं काहीतरी खास केलं. विचारायची सोय त्यांनाही नव्हती! दिला माझा गंज लेकाच्या हातात.

पोळ्याच्या सकाळी बेबीताई ब्लाउज न्यायला आली आणि दारातच थबकली. माझं कपाळ पिवळं, कान पिवळे, मान पिवळी, आणि कानशिलाजवळचे पांढरे केस तर झेंडूसारखे!

"माय वं! हळद कोणाची हाये घरात?"

खरं सांगून टाकायचं ना? पण आतून सासूबाई ऐकत होत्या.

"हळद कायची? ट्रीटमेंट हाये ही. यवतमाळात सगळ्या बाया हेच करून राह्यल्या. लोणी अन् हळद!"

मी मोठ्यानं सांगितलं, आणि भोगलं गल्लीनं. दुपारपर्यंत बेबीताईसकट तिघी पिवळ्या होऊन फिरत होत्या. एकीच्या सासूनं माझ्या नावानं बोटं मोडली म्हणतात. मोडू द्या!

चार वाजता बैल तोरणाखालून घरी आले. आमच्या बांड्याचा खांदा असा लुसलुशीत दिसत होता, की येणारा जाणारा हात फिरवून बघत होता. "काय लावलं हो?" जो तो विचारी. नवरा छाती काढून म्हणे, "घरचंच हाये." माझा जीव किती जळला म्हणून सांगू! माझ्या वाट्याचं सगळं मॉइश्चर बैलाच्या अंगी लागलं होतं.

बैलांचे पाय धुवायचा मान सुनेचा. सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या, मागं सगळी गल्ली. मी पदर सावरून वाकले, बांड्याच्या खुरांवर पाणी घातलं, आणि डोक्यावर काहीतरी गरम, ओलं, खरखरीत फिरलं.

बांड्या माझं डोकं चाटत होता! लोण्याचा वास त्याला बरोबर लागला होता. भांगापासून अंबाड्यापर्यंत एकदा, मग उलट एकदा. मी मान बाजूला घेतली तर तोही मान वळवून मागं आला. पोरंबाळं टाळ्या पिटायला लागली. बेबीताई हसता हसता खालीच बसली, स्वतः पिवळी असून!

आणि तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला.

"चाट रे बाप्पा, सावकाश चाट. लई कोरडे होते बिचारीचे केस."

मी ताडकन उभी राहिले. लाळ कानावरून गळतेय, अंबाडा सुटलाय, पण मला कशाची शुद्ध? नऊ दिवस! नऊ दिवस मी ज्याची वाट बघत होते, ते झालं होतं!

"बोलल्या! आई, तुमी आधी बोलल्या! हरल्या तुमी!"

सासूबाईंनी ताटातली वात जरा पुढं सारली आणि शांतपणे म्हणाल्या, "मी तं बांड्यासंग बोलून राह्यली. तुह्यासंग कोण बोललं वं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पाटावर बसले. कैची माझीच, ब्लाउज कापायची, पण हात त्यांचा. "मान खाली घाल," त्या चारदा म्हणाल्या. मी घातली नाही. हरले म्हणून काय झालं, मान ताठ म्हणजे ताठ!

म्हणून तर बघा, मागून माझे केस डावीकडं चार बोटं आखूड आहेत.