मामांची लघवी आणि गावाचं पाणी

माझे मामा गावाला पाणी सोडायचे. नगरपालिकेची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सकाळी निघायचे, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सरकवून आत उतरायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि त्या गल्लीतले नळ सुरू व्हायचे. कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला नंतर, कुठला किती आटे उघडायचा हे एकट्या मामांना ठाऊक. साहेब कितीदा म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवा. मामा तोंडानं "हो हो" म्हणायचे आणि ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. सख्खी भाची मी एकटी, बाकीची भाचरं गरजेपुरती.

"मामा, आज पाणी कधी?" एवढं एकच गाव त्यांना विचारायचं. सलूनवाला विचारायचा, लाँड्रीवाला विचारायचा, खिडकीतून डोकं काढून बायका विचारायच्या. मामांचं उत्तर ठरलेलं. "येईल तेव्हा येईल." या उत्तराचा त्यांना केवढा तोरा! माणूस एरवी गरीब गाय, पण चावी खांद्यावर आली की अंगात राजा संचारायचा.

वय झालं तशी मामांची प्रोस्टेटची गाठ वाढली आणि ऑपरेशन करावं लागलं. ते नीट पार पडलं. लघवीची नळी काढली त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "आता लघवी स्वतःहून व्हायला पाहिजे. संध्याकाळी मी येईपर्यंत झाली, तर उद्या घरी. नाही झाली, तर नळी परत घालू आणि पिशवी लावून पाठवू. पुढचं पुढं बघू."

पिशवी म्हटल्यावर मामांच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी लावून चेंबरमध्ये उतरता येत नाही. चेंबरमध्ये उतरता येत नसेल तर चावी ऑफिसात जमा करावी लागते. आणि चावी गेल्यावर मामा म्हणजे फक्त माझेच मामा. तेवढ्यावर त्यांचं भागणार नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. जरा रागही आला.

इकडे गावात निराळाच गोंधळ. मामांच्या जागी दिवाबत्ती खात्यातला एक माणूस नेमला होता, त्याचं नावच बदलीवाला पडलं. चांगला पन्नाशीचा, पोट सुटलेला, जन्मभर खांबावरचे खटके वर-खाली केलेला. त्याची समजूत अशी, की खटका दाबला की दिवा लागतो, तसा व्हॉल्व्ह फिरवला की पाणी येतं. त्यानं खालची आळी आधी उघडली. झालं, सगळं पाणी तिकडं धावलं. खालच्या आळीत लोकांनी सायकली धुतल्या, सतरंज्या धुतल्या, एकानं तर घराचं छप्पर धुतलं. टेकडीवरच्या आळीत नळ सोडला की नुसता फुस्स करून वारा. तिथं तोंड धुवायचीसुद्धा मारामार.

म्हणजे गोष्ट सरळ होती. मामांना लघवी होत नाही तोवर डॉक्टर सोडणार नाहीत, आणि डॉक्टर सोडत नाहीत तोवर गावाला धड पाणी नाही. एका माणसाच्या मूत्राशयावर एवढ्या लोकांची भिस्त मी तरी आजवर पाहिली नव्हती.

मामी दवाखान्यात राहायला येताना कुंडी घेऊन आली होती. मोठ्या पानांचं शोभेचं झाड, तिच्या फार लाडाचं. घरी पाणी नाही, दवाखान्यात आहे, मग एकाला दाखल केलंय तर दुसऱ्यालाही करून घेऊ, असा तिचा विचार. कुंडी खिडकीत बसली. त्याच सकाळी सिस्टर आल्या आणि खिडकीखालची ओल बघून ओरडल्या, "कोणाची नळी गळतेय?" बघतात तर झाडाच्या पानापानाच्या टोकाला थेंब लोंबतोय आणि एकेक टपकतोय.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या आठवड्यात नेमका उत्सर्जनाचा धडा चालू होता. गप्प बसणं मला जमत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"मामा, मुळं रात्रभर पाणी ओढतात," मी म्हटलं. "जास्तीचं झालं की पहाटे पानांच्या कडेनं बाहेर पडतं."

"आपोआप?"

"आपोआप."

"आणि बाकीची घाण?"

"झाडाला मूत्रपिंड नाही, मूत्राशय नाही. नको असलेलं ते जुन्या पानांत, सालीत साठवून ठेवतं. थोडं डिंकातून बाहेर येतं. पान पिकून गळालं की त्यातला कचरा त्याच्याबरोबर गेला."

मामा बराच वेळ झाडाकडं बघत राहिले. जळत होते. "आणि त्याला कुणी विचारत नाही," ते म्हणाले, "झाली का म्हणून."

मग मी आपलं माणसाचंही सांगून टाकलं, की मूत्रपिंडं रक्त गाळतायत, मूत्राशय भरत चाललंय, फक्त घोडं शेवटाला पेंड खातंय. मामांचं मत वेगळं होतं. लाइन बरेच दिवस बंद होती, तिनं हवा धरली असणार. त्यांनी सिस्टरना वरच्या बाजूला काहीतरी जरासं ढिलं करून बघायला सांगितलं. सिस्टरनी डॉक्टरना फोन लावून दिला. "हवाबिवा काही नाही हो मामा," डॉक्टर म्हणाले, "स्नायू रुसलेत. पाणी प्या, आणि त्याचा विचार करू नका." विचार करू नका म्हटल्यावर मामांनी दुसरा कसला विचारच केला नाही.

दुपारी टेकडीवरची आळी भेटायला आली. विचारपूस म्हणून आली, पण रिकाम्या कळशा हातातच होत्या, वाटेत कुठं नळ दिसला तर असाव्यात म्हणून. लाँड्रीवाल्यानं नारळपाणी आणलं होतं. सलूनवाल्याचं म्हणणं पडलं, पाय गार पाण्यात बुडवावेत. लाँड्रीवाला म्हणाला, छे, पाण्याचा आवाज कानावर पडला पाहिजे, आणि त्यानं वॉर्डातला नळ सोडला. त्या आवाजानं शेजारच्या खाटांवरचे दोन पेशंट लगबगीनं उठून गेले. मामा तसेच. त्या नळाखाली मात्र बायकांनी भराभर कळशा लावून घेतल्या.

मामा बाथरूममध्ये जायचे, सिस्टरनी दिलेलं मापाचं भांडं हातात घेऊन. आत मामा, बाहेर अर्धी आळी दाराला कान लावून. कुणी खोकलं तर बाकीचे त्याच्यावर डोळे वटारायचे. सलूनवाला हळूच शीळ घालायचा, लहान मुलांसाठी घालतात तशी. मग दार उघडायचं आणि कोरडं भांडं बाहेर यायचं.

"झाली का?" सगळे एकदम.

मामा मान खाली घालून खाटेकडं. ज्या माणसानं जन्मभर या लोकांना 'येईल तेव्हा येईल' म्हणून ताटकळत ठेवलं, त्याला आता तेवढंही म्हणता येईना. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली, आणि गंमत वाटली याचं परत वाईट वाटलं. मामीनं मात्र कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं आणि पदराआड डोळे पुसले. "पिशवी तर पिशवी," ती मला म्हणाली. "पण हे घरी बसले ना, तर चार दिवसांत झुरून जातील बघ."

डॉक्टर यायची वेळ होत आली. मामा पुन्हा आत गेले. तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी धापा टाकत वर आलं. बदलीवाला. कमरेपर्यंत भिजलेला, चिखलानं माखलेला, हातात मामांची चावी. लोकांनी त्याला बघून शिव्या द्यायला सुरुवात केली, पण त्याचं कुणाकडं लक्ष नव्हतं. तो थेट बाथरूमच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"मामा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "शाळेसमोरचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा?"

आत शांतता.

"मामा, पाया पडतो. बायका मला चेंबरबाहेर येऊ देत नव्हत्या."

मामांचा स्वभाव मला माहीत होता. एवढं सांगितलं तर सगळंच गेलं, असं त्यांच्या मनात चाललं असणार.

"मी आपला उजवीकडं पिळतोय," बदलीवाला म्हणाला. "हलत नाही. आता पाइप घालून जोर लावतो. तुटला तर तुटला."

"अरे गाढवा!" आतून असा आवाज आला, की सलूनवाल्याची शीळ तोंडातच राहिली. "उजवीकडं? तो उलट्या आट्याचा आहे! बाकीचे उजवीकडं उघडतात, हा डावीकडं… थांब… तू शाळेकडं तोंड करून उभा होतास का पाठ करून?"

"पाठ करून."

"शाळेकडं तोंड कर! मग डावीकडं. जोर लावायचा नाही. अर्धा आटा, थांबायचं. आतली हवा जाऊ द्यायची. आधी टेकडी, मग शाळा, खालची आळी सगळ्यात शेवटी. तू नेमकं उलटं केलंस, बेअक्कल! दवाखान्यामागचा एक आटाच उघडायचा, तो पूर्ण उघडलास तर वर काही चढत नाही…"

मामा सुटले होते. एकेक व्हॉल्व्ह, एकेक गल्ली, कुठलं झाकण डगमगतं, कुठल्या चेंबरमध्ये बेडूक असतात. बदलीवाला दाराशी उभ्याउभ्या चावी हवेत फिरवून बघत होता. इतकी वर्षं जे साहेबांना मिळालं नाही, ते त्याला बाथरूमच्या दारातून फुकट मिळत होतं.

"…आणि बाजाराच्या कोपऱ्यावरचा सावकाश. अगदी सावकाश. तो…"

मामा बोलायचे थांबले. आणि त्या शांततेत, भांड्यात, बारीक आवाज सुरू झाला.

कुणी हललं नाही. लाँड्रीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली. आवाज थांबला, परत सुरू झाला, मग चांगला वाहता झाला. मामी भिंतीला टेकून रडायला लागली. मीही रडले. आठवीला उत्सर्जन शिकवणारी बाई एका मुतारीबाहेर उभी राहून रडते आहे, हे मुलांनी पाहिलं असतं तर धडा कायमचा लक्षात राहिला असता.

"मामा," बदलीवाला हळूच म्हणाला, "बाजाराच्या कोपऱ्यानंतर?"

"थांब रे जरा," मामा म्हणाले.

मामा भरलेलं भांडं घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सिस्टरनी माप बघून मान डोलावली. नळी नाही, पिशवी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी आलो. मामी, मी, मामा आणि कुंडी. मामा मोरीजवळ स्टूल टाकून बसले. थोड्या वेळानं नळ खाकरला, फुसफुसला, जरासं तांबडं पाणी थुंकला, आणि मग स्वच्छ धार लागली. मामा बघतच राहिले. त्यांनी धारेखाली हात धरला.

"हे असं येतं होय?"

"रोज असंच येतं," मामी म्हणाली. "तुम्ही कधी घरी होतात यावेळी?"

खरंच की. आमच्या नळाला पाणी यायचं तेव्हा मामा कुठल्या तरी चेंबरमध्ये असायचे. सगळ्या गावाला पाणी सोडणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात पाणी येताना कधी बघितलंच नव्हतं.

"दाब बरा आहे," मामा म्हणाले. "शिकला लेकाचा." मग दाराकडं बघत जरा वेळानं, "सकाळपासून कुणी आलं होतं का गं? विचारायला वगैरे?"

"पाणी आल्यावर कोण कशाला येईल?" मामी म्हणाली आणि दुसरी बादली लावली.

मामा उठले, भिंतीला धरून हळूहळू संडासात जाऊन आले. मामी बादल्या भरत होती. मी खिडकीत कुंडी ठेवत होते.

"झाली," मामा दारात उभे राहून म्हणाले.

आम्ही दोघींनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.