मधला रुमाल

"हात धरा गं एकमेकींचे," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी धरले. माझा राहिला.

मी रांगेच्या टोकाला होते. एका हातात यंत्राची तार. दुसरा हात कुमुदपुढं केलेला. कुमुद म्हणजे वकिलांची मुलगी, वेणीला रोज नवी रिबन. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि स्वतःचा हात पाठीमागं नेला.

"बाई, आई रागावेल."

बाईंनी तिला दटावलं नाही. मलाही नाही. बाई फार चांगल्या होत्या, हे आधीच सांगून ठेवते. आवाज चढवायच्या नाहीत, छडीला शिवायच्या नाहीत. त्यांनी कमरेचा रुमाल काढला. पांढरा, कोपऱ्यात निळं फूल भरलेला. त्याची घडी केली आणि आमच्या दोघींच्या हातांच्या मधे ठेवली.

"आता धर. आता काही बिघडत नाही."

कुमुदनं रुमाल धरला. मी रुमाल धरला.

अमरावतीतली मुलींची शाळा. माझ्या बापानं बुद्धाची दीक्षा घेऊन घरातला देव्हारा नदीत सोडला, त्याच्या पुढचंच साल. देव गेले होते. जात मात्र रोज माझ्या आधी शाळेत पोचून हजेरी द्यायची.

बाईंच्या भावानं तारऑफिसातून टेलिफोनचं जुनं यंत्र आणून दिलं होतं. लाकडी डबा, बाजूला दांडा, दोन तारा. दांडा फिरवला की डब्यात वीज तयार व्हायची. वर्गानं हात धरून साखळी करायची, पहिलीनं एक तार धरायची, शेवटचीनं दुसरी. मग झटका एकीतून दुसरीत पळत जाणार. आठ दिवस आम्ही त्याच गोष्टीवर जगत होतो.

बाईंनी दांडा फिरवला. काही झालं नाही. जोरात फिरवला. काही नाही. सगळ्या डोळे मिटून उभ्या.

"तू जरा बाजूला हो," बाई मला म्हणाल्या.

मी झाले. माझी तार कुमुदनं घेतली. बाईंनी दांडा फिरवला आणि सगळा वर्ग एका दमात किंचाळला. खिडकीतली चिमणी घेरी येऊन पडली. मग सगळ्या हसत सुटल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पुन्हा, बाई, पुन्हा.

मी फळ्याजवळ उभी. हातात रुमाल.

तास होता सुवाहक आणि दुर्वाहक पदार्थांचा. टेबलावर तांब्याची पट्टी, खिळा, लाकूड, काच, रबर. बाई हसत म्हणाल्या, "पाहिलंत ना मुलींनो, काहींतून वीज जाते, काहींतून जात नाही." त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. नाव कुमुदनं घेतलं. मधल्या सुट्टीपर्यंत मी 'लाकूड' झाले होते.

रुमाल परत द्यायला गेले. "असू दे तुलाच," बाई म्हणाल्या आणि जरा मागं सरकल्या.

मी बोलायला लागले की राईचा पर्वत होतो, हे आमच्या बडनेऱ्यात कोणालाही विचारा. पण वर लिहिलं त्यात ती चिमणी सोडली तर काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

घरी मायला विचारलं. "माय, माह्या आंगातून वीज कावून नाही जात?"

माय भाकरी थापत होती. "इजेनं मानूस मरते म्हंतेत. नाही जात तं बरंच हाय."

तिचं बरोबर होतं. पण मला मरायचं होतं. म्हणजे तसं नाही. त्या सगळ्या जशा एकदम किंचाळल्या, तसं मला त्यांच्याबरोबर किंचाळायचं होतं.

शाळेत फुगडी रंगायची. फुगडी एकटीला घालता येत नाही. मी मात्र घातली. शाळेमागच्या बाभळीचा बुंधा धरला आणि अशी गरगरले की बाभूळ म्हणाली, बस कर बाई, माझ्या शेंगा गळून राहिल्या. ही गोष्ट मी पुढं पुष्कळांना सांगितली, पुष्कळ हसले. बाभळीच्या काट्यांनी तळवे फाटले होते, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दांडा फिरवायचं काम माझ्याकडं आलं. "तुला वाईट वाटायला नको," बाई म्हणाल्या. दांड्याची मूठ लाकडी. मधे लाकूड असलं की विटाळ होत नसतो. मी फिरवायची, त्या किंचाळायच्या. मी इतकी वेगानं फिरवायची की कुमुदच्या वेणीची रिबन आपोआप सुटायची. आणि मनात एकच. एवढी वीज माझ्या हातानं तयार होते, मग माझ्यातूनच कशी जात नाही.

एका मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. बाहेर फुगडी. मी डबा पुढ्यात घेतला. डाव्या मुठीत दोन्ही तारांची टोकं एकमेकींना लागू न देता धरली, उजव्या हातानं दांडा फिरवला.

काय सांगू. मूठ अशी पिळली की बडनेऱ्याला उभी असलेली मालगाडी अर्धा कोस मागं गेली. तारा हातातून उडाल्या. मी खाली बसले आणि हसले. मग पुन्हा धरल्या. पुन्हा. मले लागलं. माह्यातून गेली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी ते झटके खाल्ले, जसं कोणी जत्रेत जिलबी खावी.

सांगायला कोणी नव्हतं. बाकांना सांगितलं.

मग खिशातला रुमाल काढला. तारांची टोकं त्याच्या घडीत गुंडाळून मुठीत धरली. फिरवलं. काही नाही. रुमाल काढला. झटका. रुमाल ठेवला. काही नाही.

हसू तिथंच थांबलं. लाकूड मी नव्हते. अडलं होतं ते कापड. आणि बाई तर विज्ञान शिकवायच्या. टेबलावर त्यांनी दुर्वाहक मांडले होते, आणि स्वतःच्या हातानं मधे ठेवलेलं कापड त्यांना दिसलं नाही. कसं दिसणार. ते त्यांच्या डोळ्यांवर आधीपासूनच होतं.

हिवाळ्यात अकोल्याला शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं. दांडा फिरवायला म्हणून मला नेलं. तिथं तपासणीस साहेब आमच्या टेबलापाशी आले. बाईंनी दहा-बारा जणींची साखळी केली. कुमुद टोकाला, निवडून पाठवलेल्या गोऱ्या गोमट्या मुली, साहेबही हौसेनं मधे उभे राहिले. मी डब्यामागं.

बाईंनी खूण केली. मी दांडा फिरवला. काही झालं नाही. जोरात फिरवला. सगळे डोळे मिटून उभे. साहेब तर दात आवळून.

"काय हो, या मुलींतून वीज जात नाही वाटतं?" साहेब हसले.

बाई घाईनं माझ्याजवळ आल्या. मी स्क्रू सैल केला आणि तारेखाली मीच दाबून बसवलेली रुमालाची चिंधी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर निळं फूल होतं.

"मधात तुमचा रुमाल असला का कोनातूनच नाही जात बाई. वकिलाच्या पोरीतूनही नाही. सायबातूनही नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, सगळ्यांसमोर?"

"त्या दिशी सगळ्याइसमोरच होतं."

साहेबांना काय समजलं, देव जाणे. ते म्हणाले, "मग हिलाही घ्या की साखळीत." आणि बाईंनी हात पुढं केला. उघडा. मधे काही नाही.

ज्या हातासाठी मी बाभळीशी फुगडी घातली, तो हात. मी पाहत राहिले. साहेब उभे होते, म्हणून तो उघडा होता. साहेब गेले की मधे रुमालाची घडी परत येणार होती.

"नाही धरत," मी म्हटलं. तार स्क्रूत बसवली, दांडा फिरवला. ते सगळे किंचाळले. मी नाही.

परतीच्या गाडीत मुली एका बाकावर दाटून बसल्या होत्या. मी दाराशी. बोरगाव स्टेशन गेल्यावर बाई आल्या.

"माझ्या मनात वाईट नव्हतं गं."

"मले मालूम हाय, बाई."

 मग म्हणाल्या, "तो रुमाल दे मला. मी धुऊन वापरीन."

"नाही देत."

सोमवारी मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही, त्यामुळं जागा ऐसपैस होती. त्या जागेवर मी रुमाल पसरला. फुलाचा कोपरा फाटलेला. बाई वर्गात आल्या, हजेरी घेताना त्यांची नजर त्याच्यावर गेली आणि माझं नाव त्यांच्या तोंडात अडकलं.

"हाजर," मी आधीच म्हटलं.

माझी शाळा संपेपर्यंत तो रोज तिथं, बाईंच्या डोळ्यांसमोर पसरायचा, असं मी ठरवलं. कोणी शेजारी बसलं नाही तरी. पसरला.