बाराव्या गजाचा पीळ

माझे वडील उकव्याच्या मँगनीज खाणीत घणवाले होते. खाणीच्या लोहारखान्यात बोथट झालेल्या पहारी तापवून त्यांना पुन्हा टोक काढत. मिस्त्री सांडशीनं पहार धरायचा आणि वडील घण मारायचे. लोहारकी आमच्या घराण्यातली नव्हे. पण सुट्टीच्या दिवसांसाठी त्यांनी घरामागे मातीची भट्टी केली, हातानं फिरवायचा पंखा बसवला आणि लोखंडाला पीळ द्यायचा नाद लावून घेतला. विकायला नाही. खिडकीचे गज, चिमटा, कंदिलाचा आकडा, हाती येईल त्याला पीळ. "सरळ लोखंड उपाशी दिसते," म्हणायचे.

चौकोनी गज तापवायचा, एक टोक वाइसच्या जबड्यात आवळायचं, दुसऱ्या टोकाला दोन मुठींचा पाना लावून फिरवायचा. ऐकायला सोपं आहे. पण जिथं ताप जास्त तिथंच पीळ दाटतो, बाकीचा गज तसाच राहतो. म्हणून त्यांच्या पायाशी चहाची जुनी किटली असे. पीळ दाटू लागला की तिथं पाण्याची बारीक धार. त्यांचा आवडता पीळ अर्धा उजवीकडे आणि अर्धा डावीकडे, मधोमध दोन्ही एकमेकांना भेटणारे. त्याला ते 'येनं-जानं' म्हणत.

मला मात्र भट्टीच्या विस्तवाजवळ त्यांनी कधी उभं राहू दिलं नाही. "तू पुस्तक पाह्य. इस्त्याकडं पाहून डोये जातात." मी पुस्तक पाहिलं. आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो, बालाघाटला शाळेत मास्तर लागलो. बापाचे आभार मानायची आमच्यात रीत नाही, म्हणून तेव्हा राहून गेलं. इथं मानतो.

नोकरी संपल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि भट्टीही इथल्या परसातल्या खोपटात पुन्हा उभी राहिली. आमच्या वॉर्डात तेव्हा लहानसं बुद्धविहार बांधून झालं होतं. मूर्तीपुढच्या कठड्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. बारा गज, सगळे येनं-जानं. अकरा झाले. अकराव्याच्या वेळी ते म्हणाले होते, "दिव्याभोवती गोल गोल दिसून राह्यलं रे." मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. हूं म्हणालो.

नजर मंदावल्यावर नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेलेली नजर येत नाही, आणि उरलेलीही फार राहणार नाही.

परतल्यावर त्यांनी एकच मागितलं. "बारावा करू दे. मंग इस्तो इझवून टाकू."

"पण दिसणार कसं, बा?"

"हाताले सगळं येते. रंग तेवढा तू सांग."

दार लावून आम्ही बसलो, अंधारात लोखंडाचा रंग नीट कळतो म्हणून. मी पंखा फिरवू लागलो. गज तापला.

"काय दिसते?"

"लाल."

"कोणता लाल? उंबराचा, का मिरचीचा?"

"लालच आहे, बा."

ते हसले. "पंधरा वर्षं शिकला आन् लाल एकच? पळसाच्या फुलावानी झाला का सांग. पळसावर काढा लागते. त्याच्या पुढं गेला का गेला."

मी निरखून पाहिलं. मधला भाग पळसाचा झाला होता, टोकांकडे मात्र गज अजून काळपट होता. सगळीकडे सारखा तापला पाहिजे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. म्हणून म्हणालो, "नाही अजून," आणि मनापासून पंखा फिरवत राहिलो. सगळं बरोबर उतरवायची माझी शाळेतली सवय. गज पुढेमागे सरकवून ताप सारखा करायचा असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मधून पांढऱ्या ठिणग्या उडाल्या, फुलझडीसारख्या.

"थांबव! जळला थो."

त्यांनी तो आवाजावरून ओळखला होता. तरी बाहेर काढला, चाचपत वाइसमध्ये आवळला, पाना लावला. अर्धा वेढा बसला आणि ठिसूळ गुळाचा खडा फुटावा तसा गज मधोमध तुटला.

मी म्हणालो, "दुसरा करू."

"गज हाय दुसरा. मले डोये नाही, आन् तुया डोयात रंग नाही." पाना खाली ठेवत म्हणाले, "मीच नाही येऊ देलं."

किटलीतलं सगळं पाणी त्यांनी भट्टीत ओतलं. ती पुन्हा पेटली नाही.

बाराव्या जागी मी बाजारातून साधा सरळ गज आणून बसवला. विहारातले एक म्हातारे बघून म्हणाले, "काहून हो मास्तर, येक गज उपाशीच ठेवला का?" सगळे हसले. वडीलही हसले.

पुढे नजर पूर्ण गेली. रविवारी मी त्यांना हाताला धरून विहारात नेई. ते कठड्यावरून बोटं फिरवत जायचे. प्रत्येक गजाच्या मध्यावर, जिथं दोन पीळ भेटतात तिथं, थांबायचे. शेवटच्यावर बोटं सरळ खाली घसरायची.

"हा तुया," एकदा म्हणाले. टोमणा नव्हता. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी तो पुसला, बाकीच्या अकरांसारखाच.

"हौ, बा," मी म्हणालो.