न दिसलेलं डकोटा

माझ्या धाकट्या बहिणीला माझं सगळं माहीत आहे. माहेरी काय चोरून खाल्लं, सासरी काय गिळलं — सगळं. हे नाही. हे तिला नाही, मुलीला नाही, देवापुढेसुद्धा मोठ्याने नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही यांना ओळखत नाही. कधी समोर आलातच, तर यांच्यापुढे विषय निघणार नाही.

हे म्हणजे माझे मिस्टर. डहाणूच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कधी आली, कधी सुटली — तीस वर्षं वहीत लिहिलं. निवृत्त झाल्यावर हे गच्चीवर गेले आणि विमानं लिहायला लागले. तारीख, वेळ, कुठून कुठे, इंजिनं किती, पंख कसे. प्रवासी विमानं नव्हेत हं — ती यांच्या लेखी लाल डबा. यांना हवीत लष्कराची. किनाऱ्यावर गस्त घालणारी, पोटात ट्रक मावतील अशी मालवाहू, आणि कधी नशिबात असलं तर लढाऊ.

सुरुवातीला मी हसायचे. मग एकदा गच्चीत बोंबील वाळत घालत होते आणि डोक्यावरून दोन लढाऊ विमानं गेली. ती आधी गेली, आवाज मागून आला. ताडांवरचे सगळे बगळे एकदम उठले. खाली धाकटी डहाणू गावाच्या खाडीत होड्या होत्या, त्यांतली माणसंही उभी राहून वर बघत होती. यांनी माझा हात धरला होता — भर गच्चीत, शेजारपाजारच्या देखत! विमानं दिसेनाशी झाली तरी सोडला नाही. त्या दिवसापासून मलाही हे आवडायला लागलं. पण मी तसं कधी बोलून दाखवलं नाही. का नाही? कोण जाणे. एवढंसं बोलले असते तर पुढचं टळलं असतं का? नाही बहुधा.

आता रूपजीभाऊंचं सांगते. त्यांच्याशिवाय हे सांगून उपयोग नाही.

रूपजीभाऊ तलासरीचे. जंगलखात्यात रखवालदार होते. वणवा कुठे लागलाय ते बघायला वर्षानुवर्षं टेकडीवर बसलेले. एकदा स्टँडवर तलासरीची गाडी लागली, भरली, सुटली, आणि हा माणूस तिथेच मान वर करून उभा. हे केबिनमधून ओरडले, "अहो, गाडी गेली तुमची!" तर म्हणाले, "जाऊ द्या साहेब, दुसरी येल. हे परत येयाचं नाय." यांनी वर पाहिलं. चार इंजिनांचं मालवाहू चाललं होतं. झालं, तेव्हापासूनची दोस्ती. साहेबाचं भाऊ झालं.

यांचे कान हॉर्न ऐकून ऐकून अधू झालेले, पण नजर घारीची. रूपजीभाऊंचे कान मात्र — काय सांगू तुम्हाला? विमान दिसायच्या कितीतरी आधी ते सांगायचे, दोन इंजिनं आहेत, पंख्याचं आहे, एक इंजिन जरा कुरकुरतंय. आमच्या ओट्यावर चहा पिता पिता हात वर करायचे, आणि आम्ही दोघं गप्प. थोड्या वेळाने सुरूच्या झाडांवरून ते यायचंच. एकदाही चुकले नाहीत. यांच्या वहीसारखीच त्यांनी वही घातली, फक्त एक रकाना जास्तीचा — आवाज. इकडून विमान गेलं की हे फोन करायचे, "रूपजी, निघालं." पाच मिनिटांत तिकडून फोन, "आलं भाऊ, डोक्यावर हाय." दोन म्हातारे, मध्ये सगळा तालुका, आणि एकाने सोडलेलं विमान दुसरा झेलतोय. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. अजून वाटतं.

मग ते डकोटा.

जुनं, महायुद्धाच्या वेळचं विमान. दुरुस्त करून पुन्हा उडवलेलं. मुंबईहून गुजरातेत कुठल्याशा समारंभाला जाणार, आपल्या किनाऱ्यावरून, अशी बातमी होती. महिनाभर यांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. आणि नेमकं त्याच्या आदल्या दिवशी यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला आधीच धुकं, उन्हात जायचं नाही, मान हलवायची नाही. पडल्या पडल्या मला म्हणाले, "सुमन, तू बघ. माझ्या वतीने बघ. दहा ते बारा, गच्चीवरून हलू नकोस."

मी हलले.

कारण मोठं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पापलेटवाली आली होती. मी खाली उतरले, भाव केला, शेजारची मंदा आली, तिच्या भाचीचं लग्न आशागडला ठरलं होतं, ते निघालं — आणि मी घरात आले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. टोपलीतला मासा तसाच हातात. आतून हाक आली, "काय गं, गेलं का?"

ते उठून बसले होते. पट्टीखालचा चेहरा इतका — लहान मुलासारखा म्हणू का? नाही. भुकेल्या माणसासारखा.

मी म्हटलं, "गेलं."

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, सांग ना, कसं होतं? आणि मी सांगितलं. चंदेरी होतं, म्हटलं. खाली होतं खूप, सुरूच्या शेंड्यांना लागेल असं. गोल नाक. दोन पंखे फिरताना दिसत होते, नुसतं धुरकट चक्र नाही, पाती वेगळी दिसावीत इतकं सावकाश. आवाज असा, की छातीत घुमावा. खाडीवर सावली पडली त्याची, ती होड्यांवरून चढत उतरत गेली. कुठून सुचलं मला? यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. पण सावलीचं माझं होतं. सांगताना मला ते खरंच दिसलं. यांच्या पट्टीखालून पाणी यायला लागलं, आणि मी ओरडले, रडू नका, डोळा बिघडेल.

लगेच यांनी फोन लावायला सांगितला. "रूपजी, गेलं इकडून! सुमनने बघितलं!"

संध्याकाळी रूपजीभाऊंचा फोन आला. ऐकू यावं म्हणून आमचा फोन नेहमी स्पीकरवर.

"भाऊ, आलं नाय."

"असं कसं? सुमनने डोळ्यांनी पाहिलंय."

"सकाळपासून टेकडीवर हाय मी. पाणी प्यायला पण उतरलो नाय. वहिनींना दुसरं कायतरी दिसलं आसंल."

"म्हणजे माझी बायको खोटं बोलते?"

"तसं नाय म्हणत मी, भाऊ. पण आवाज मी सोडला नसता."

"मग ताडी पिऊन पडला असशील टेकडीवर!"

रूपजीभाऊंनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. दारूने त्यांचे वडील गेले, हे त्यांनी आमच्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं. आणि गावातला साहेब आदिवासी माणसाला असं म्हणतोय, ते त्या माणसाच्या कानाला किती जुनं वाटलं असेल, हे मला तेव्हाही कळलं. यांनाही बोलल्या क्षणी कळलं असावं. पलीकडून, "बरं भाऊ." फोन बंद.

मी समोर उभी होते. हातात डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली होती. तोंडात एक वाक्य होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "मान मागे करा."

दोन दिवसांनी पेपरात आलं. इंजिनाच्या कुरबुरीमुळे डकोटा अर्ध्या वाटेवरून, आपल्यापर्यंत पोचायच्या आतच, मागे वळलं होतं. चार ओळी, आतल्या पानावर. यांना वाचायची मनाई, म्हणून पेपर मीच वाचून दाखवायचे. त्या चार ओळी मी गाळल्या. वरची बातमी वाचली, खालची वाचली. त्याच पानावर दुपारी सुकट निवडली आणि पान जाळलं.

रूपजीभाऊ पुन्हा आले नाहीत. हे मानी, यांनीही फोन केला नाही. डोळा छान झाला. विमानं लिहीत राहिले, पण लिहून झाल्यावर फोनकडे हात जायचा आणि परत यायचा. मी रोज बघत होते. चार वर्षं बघितलं.

गेल्या हिवाळ्यात रूपजीभाऊ गेल्याचं कळलं. आम्ही तलासरीला गेलो. त्यांच्या मुलीने वही आणून यांच्या हातात दिली. "बाबा बोलून गेलेत, ही भाऊंना द्या."

यांनी ते पान काढलं. मी खांद्यावरून वाचलं. सुवाच्य अक्षर. 'डकोटा. डहाणूला वहिनींनी पाहिले. मला दिसले नाही, ऐकू आले नाही. वहिनी खोटे बोलणार नाहीत. माझे कान गेले असावेत.'

पुढच्या पानांवर विमानं होती. दिसलेली. आवाजाचा रकाना त्या दिवसापासून शेवटपर्यंत कोरा.

हे खाली बसले. मग उठून त्या मुलीपुढे हात जोडले. "पोरी, मी तुझ्या बापाला नको ते बोललो. तो दिवसभर टेकडीवर होता म्हणाला, त्यावर विश्वास ठेवला नाही. अपराध माझा आहे." भरल्या घरात, सगळ्यांदेखत. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

मी शेजारी उभी होते. यांच्या पाठीवर हात ठेवला. ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकी, तुम्ही बसा, तुम्हाला पण त्रास झाला." तिने चहा आणला. मी तो प्यायले.