वरपक्षाला उष्टा आवाज

माझ्या गिटारमुळे ताईचं लग्न जवळजवळ मोडलं होतं, एवढं सोडलं तर ते फार थाटात झालं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, मलकापूरची. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि मला ग्रॅज्युएट केलं ते ताईच्या शिलाई मशीनने. तेव्हा तिच्या लग्नात असं काही वाजवायचं की अख्ख्या सातारा-सांगलीत कुणी ऐकलं नसेल, हा माझा निश्चय! कॉलेजच्या मित्राकडून डिजिटल गिटार प्रोसेसर आणला. चपटी पेटी, पायाने दाबायची बटणं आणि मागे आवाज बाहेर पडायला दोन वाटा, डावी आणि उजवी. कुठल्या वाटेने काय सोडायचं, तेही आपणच ठरवायचं! मी ठरवलं. डावीकडून मूळ सूर, उजवीकडून त्याचा प्रतिध्वनी. माझ्या खोलीत ते ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. (खोली फार लहान होती, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.)

मांडवात डावीकडे आमची माणसं बसली, उजवीकडे इस्लामपूरहून आलेला वरपक्ष. दोन्हीकडे माणसाएवढे स्पीकर. मी वाजवायला लागलो आणि नवऱ्याचे चुलते ताडकन उठले.

"आवं पावणं, ह्यो काय परकार? सूर पयला तिकडं वाजतुय, मग आमच्याकडं!"

"तो प्रतिध्वनी आहे, काका," मी कौतुकाने समजावलं. "तिकडचाच सूर जरा वेळाने तुमच्याकडे येतो."

"म्हंजी त्येंचं ऐकून झाल्यावर आमी ऐकायचा? वरपक्षाला उष्टा आवाज?"

झालं! उजवी बाजू उठून उभी राहिली. "नवरा मारुतीच्या देवळातनं हलणार न्हाई!" चुलत्यांनी जाहीर केलं.

मी धावत जाऊन वायरींची अदलाबदल केली. वरपक्ष बसला. लगेच आमचे मामा उठले. मामा मिलिटरीतून रिटायर झालेले. त्यांना उठायला नुसतं निमित्त लागायचं.

"आरं, पोरगी आमची, मांडव आमचा, आन् उष्टं बी आमीच खायाचं व्हय रं?"

पण प्रोसेसरमध्ये यावरही उपाय होता! एक बटण असं होतं, की ते दाबलं की सूर आपोआप इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरायचा. सगळ्यांना सारखा वाटा! मी ते दाबलं. सुराबरोबर मांडवातले सगळे फेटे इकडून तिकडे वळायला लागले.

"त्येंच्याकडं जादा थांबला!" मामा ओरडले.

"मगाशी तुमच्याकडं मुक्कामालाच हुता की!" चुलते.

एवढ्यात मुंडावळ्या सावरत ताईच बाहेर आली. "बाळ्या, मुहूर्त टळतुय रं! ह्याच्यासाठी मशीन चालवून शिकवला व्हय तुला?"

माझे हातपाय गळाले. त्यातला एक पाय नेमका प्रोसेसरवर गळाला आणि एकदम तीन-चार बटणं दाबली गेली. दोन्ही स्पीकरांतून, एकाच क्षणी, अडलेल्या म्हशीसारखा हंबरडा निघाला. (वाटणी मात्र अगदी समान होती.) पोरं रडायला लागली. सनईवाल्याने कानात बोटं घातली.

मामा डावीकडून आले, चुलते उजवीकडून. दोघे एका दमात गरजले, "बंद कर त्ये!"

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं!

"पावणं, आमचं पोरगं जरा जादाच शिकलंय," मामा ओशाळून म्हणाले.

"आसूं द्या वो. आमच्यात बी हाय एक," असं म्हणत चुलत्यांनी चंची सोडली आणि पान मामांच्या पुढे धरलं. नवरा देवळातून निघाला. अक्षता पडल्या. ताई हसली, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून मनसोक्त रडलो.

पंगतीच्या वेळी वाढायला मीही पदर खोचून, म्हणजे पँट दुमडून, तयार झालो. सगळ्यांनी विचार करून मला मीठ वाढायला दिलं. तेही डाव्या-उजव्या ओळींना सारखंच पडतंय ना, हे बघायला मामा माझ्या मागोमाग चालत होते!